जुनी छोटी विमानं म्हाताऱ्या पायलटांना एवढी का आवडतात, आणि कोल्हापुरात बसून त्यांच्या जवळ कसं जायचं

गोकुळ शिरगावकडच्या एका कॉलेजच्या पोरानं विचारलंय की सर, मी रोज उजळाईवाडीच्या विमानतळावर एटीआर, म्हणजे पंख्याचं प्रवासी विमान, उतरताना बघतो आणि घरी आलो की टायगर मॉथ, पुष्पक, डाकोटा असलं काय काय बघत बसतो, पण तुम्हा जुन्या लोकांना ह्या कापडी डबड्यांचं एवढं वेड का, नुसतं जुनं ते सोनं म्हणून, का खरंच त्यात काही आहे, आणि इथं राहून असलं विमान बघायला, जमलं तर उडवायला कुठं मिळेल.

मी नोकरीभर इन्स्ट्रक्टर म्हणून छोटी विमानं उडवली, शिकवली, हँगरात इंजिनियर लोकांबरोबर हात काळे केले, आता रिटायर होऊन कोल्हापुरातच असतो. लांबेल जरा, चहा घेऊन बस.

जुनं म्हणून आवडतं हे निम्मं पण खरं नाही बघ. जुन्यातली बरीच विमानं भिकार होती, काही तर चक्क माणसं मारणारी होती, ती गेली ते बरंच झालं. जी आवडतात ती आवडतात कारण त्यांच्यात तुझ्या आणि हवेच्या मधे कोणी नसतं. एअरबसमध्ये पायलट कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर विमानाला सांगतो, आणि ते बरोबरच आहे, दीडशे माणसं मागं बसलेली असताना तसंच पाहिजे. पण छोट्या जुन्या विमानात तुझ्या हातातल्या काठीपासून पंखाच्या टोकापर्यंत एक स्टीलची वायर जाते, पुलीवरनं, बास. पलीकडं हवेनं ढकललं की इथं तळहाताला कळतं. तुझं काही चुकलं की विमान तिथल्या तिथं सांगतं, घंटी वाजवून नाही, अंगाला जाणवून.

टायगर मॉथ घे. डी हॅविलँड कंपनीचं डीएच ८२, पहिलं उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१, आठ हजारांच्या वर बनली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यातल्या हजारो पोरांना ह्याच्यावर उडायला शिकवलं, आपल्या एअर फोर्सची त्या काळातली बरीच पोरं पण ह्याच्यावर शिकली, आणि लढाई संपल्यावर उरलेली विमानं आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांना मिळाली. माझ्या वेळेपर्यंत क्लबातनं ती जवळपास संपलेली, आमचे इन्स्ट्रक्टर त्याच्याच गोष्टी सांगायचे, मी स्वतः ते उडवलं ते पुढं इंग्लंडात, तासाचे पैसे मोजून, आणि ते पैसे वसूल झाले असं मी बायकोला अजून सांगतो.

त्याचं इंजिन म्हणजे जिप्सी मेजर, चार सिलिंडर, १३० हॉर्सपॉवर, पण उलटं बसवलेलं, क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली लोंबतात. उलटं कशाला, तर प्रॉपेलर जमिनीपासून उंच राहतो आणि पायलटला नाकावरनं जरा जास्त दिसतं. आता उलटं इंजिन म्हटल्यावर उभ्या विमानात ऑइल पाझरून खाली सिलिंडरच्या डोक्यात साठतं, तसंच चालू केलं तर पिस्टन त्या ऑइलवर आपटून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, म्हणून आधी स्विच ऑफ ठेवून हातानं प्रॉपेलर फिरवून बघायचा, अडतंय का. उद्यमनगरातल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला हे सांगायची गरज पडणार नाही. स्टार्टर नाही, बॅटरी नाही, मूळ मॉडेलला ब्रेक पण नाहीत, मागं चाक नाही तर लोखंडी स्किड. चाकांना लाकडी ओंडके लावायचे, एक माणूस समोर प्रॉपेलरला, एक कॉकपिटमध्ये, आणि दोघांनी मोठ्यानं ओरडून एकमेकांना सांगायचं, स्विच ऑफ, थ्रॉटल सेट, कॉन्टॅक्ट (म्हणजे स्विच ऑन). ह्यात नाटक काही नाही, समोरच्याचे हात त्या ओरडण्यावर अवलंबून असतात. बॅटरी नसून चालतं कारण मॅग्नेटो, म्हणजे इंजिन फिरलं की स्वतःच ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र, दोन असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एक गेला तरी दुसरा ओढतो, आणि ही पद्धत आजच्या सेस्नात सुद्धा तशीच आहे.

आणि मग हवेत गेल्यावरची गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. टायगर मॉथला चार पंख पण एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची वरखाली हलणारी फळी, फक्त खालच्या दोन पंखांना. तू उजवीकडं वळायला काठी उजवीकडं नेलीस की डावा एलेरॉन खाली जातो, डावा पंख वर उचलतो, पण उचलताना हवेत जास्त घासतो पण, म्हणून नाक चालतं डावीकडं, म्हणजे तुला जायचंय एकीकडं आणि नाक दुसरीकडं. ह्याला अ‍ॅडव्हर्स यॉ म्हणतात. रडर म्हणजे शेपटीवरची उभी फळी, ती पायानं हलते, उजवा पाय त्याच्यावर हलकासा दाबलास की सरळ होतं. नव्या विमानांत डिझायनरनं हे एवढं कमी करून ठेवलंय की पाय झोपले तरी चालून जातं, आणि मग बरेच पायलट आयुष्यभर पाय झोपवूनच उडवतात. टायगर मॉथ उघडं असतं ना, त्यात रडर चुकला की वारा सरळ तोंडावर न येता एका गालावर लागायला लागतो. डावा गाल गार पडला की डावा पाय. इन्स्ट्रुमेंट बघायची गरजच नाही. पहिल्यांदा हे माझ्या गालाला कळलं तेव्हा मी मागच्या सीटवर एकटाच मोठ्यानं हसलो, पुढं बसलेल्या गोऱ्या इन्स्ट्रक्टरला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय. (हो, मुख्य पायलट मागच्या सीटवर, एकट्यानं उडवायचं तरी मागूनच, वजनाचा तोल तसा आहे. बोलायला दोघांच्या मधे एक रबरी नळी असायची, गॉस्पोर्ट ट्यूब, त्यात तोंड घालून शिव्या द्यायची सोय.)

पंख जे मागं झुकलेले दिसतात ते पण स्टाईल म्हणून नाहीत. पुढच्या सीटवरच्या माणसाला पॅराशूट बांधून बाहेर उडी मारता यावी म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढं सरकवला, मग तोल बिघडला, तो सावरायला पंख मागं झुकवले. जुन्या विमानात अशी प्रत्येक विचित्र गोष्टीमागं कोणाची तरी अडचण असते, आणि ती नुसती बघून ओळखता येते. ह्याची चटक लागते रे.

आता घरचं सांगतो, कारण कोल्हापूरच्या पोरांना हेच माहीत नसतं. भारतात डिझाईन होऊन फॅक्टरीत रांगेनं बनलेलं पहिलं विमान म्हणजे एचएएलचं, बंगळूरच्या आपल्या सरकारी विमान कारखान्याचं, एचटी-२, ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि त्याचे डिझायनर डॉ. विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचे. हा माणूस जर्मनीत गटिंगेनला जाऊन लुडविग प्रांटलच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला. प्रांटल म्हणजे पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचं गणित ज्यानं मांडलं तो, आजही एरोडायनॅमिक्सचं पुस्तक त्याच्या नावाशिवाय पुढं जात नाही. घाटगे १९४० मध्ये एचएएलला गेले, एचटी-२ नंतर पुष्पक, कृषक आणि किरण जेट पण त्यांच्याच हाताखाली झालं. एचटी-२ पूर्ण धातूचं, पुढं-मागं दोन सीट, १५५ हॉर्सपॉवरचं सिरस मेजर इंजिन, एअर फोर्सची पोरं कित्येक वर्षं त्याच्यावर शिकली. शाहू महाराजांवर, कुस्तीवर, तांबड्या-पांढऱ्यावर तास तास बोलतो आपण, पण घाटग्यांचं नाव काढलं तर निम्मी तालीम विचारते कोण हे पाव्हणं.

पुष्पक हे माझं विमान. १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, ९० हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल, पंख वर, दोघं शेजारी शेजारी खांद्याला खांदा लावून बसायचं, जाडा इन्स्ट्रक्टर असला की दार लावताना श्वास धरायचा. वजन दोन माणसं आणि पेट्रोल धरून सहाशे किलोच्या आसपास. अंगावर कापड, त्याच्यावर डोप म्हणजे एक प्रकारचं लॅकर मारलेलं, ते वाळलं की कापड ताणून ढोलकीसारखं होतं, बोटानं टिचकी मारली की आवाजावरनं कळतं कुठं सैल पडलंय. सकाळी हँगर उघडला की डोप, पेट्रोल आणि जुन्या ऑइलचा मिळून जो वास यायचा तो मला आजही कुठं आला तर मी थांबतो. स्पीड म्हणशील तर ताशी १३५-१४० किलोमीटर, आणि समोरनं वारा असला तर खाली हायवेवरची गाडी आपल्याला मागं टाकून जायची, ती बघत बसायची वेळ यायची.

पण त्याच्यामुळंच खालचा मुलूख पाठ झाला. आम्ही क्रॉस कंट्रीला कोल्हापूरला यायचो तेव्हा जीपीएस नव्हतं, मांडीवर नकाशा, होकायंत्र आणि मनगटावर घड्याळ. उत्तरेकडनं येताना कराडचा संगम गाठायचा, तिथनं कृष्णा धरायची, सांगलीजवळ हरिपूरला उजवीकडनं वारणा येऊन मिळते, तिला सोडून द्यायचं, अजून खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते, तिथं उजवीकडं वळून पंचगंगेच्या कडंकडंनं वर आलं की जोतिबाचा डोंगर दिसतो, रंकाळा दिसतो, मग धावपट्टी. शिकाऊ पोरं हमखास वारणेला पंचगंगा समजून आधीच वळायची आणि वारणानगरकडं निघायची, आणि इन्स्ट्रक्टर मुद्दाम काही बोलायचा नाही, पोराला डोंगर ओळखू येईनात की चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आता विचारशील हे लांबचं का, सरळ का नाही, तर सरळ पण जायचो, पण धुरकट दिवशी नदी कधी खोटं बोलत नाही. आणि आपल्याकडं गळीत हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, सकाळी नदीच्या खोऱ्यात धूर आणि धुकं असं बसतं की वरनं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. कारखान्याच्या चिमणीचा धूर बघायचा, तो थोडा वर जाऊन आडवा पसरला असला तर समजायचं की वर गरम हवेचं झाकण बसलंय, त्याच्याखाली दिसणार नाही आणि वर गेलं की एकदम मोकळं. वारा कुठनं ते पण तोच धूर सांगतो.

उतरताना अजून गंमत. उसाच्या ओल्या फडावर हवा गार असते, तिथं विमान खाली बसतं, आणि लगेच पुढं मुरमाड माळ आला की तापलेली हवा उचलते. एटीआरला हे कळत पण नसेल. पुष्पकला प्रत्येक शेताची बांधबंदिस्ती कळायची.

कोल्हापूरचं विमानतळ १९३९ पासून आहे, राजाराम महाराजांच्या काळातलं, म्हणजे टायगर मॉथच्याच जमान्यातलं. समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फूट उंचीवर. आता हे बघ, कारण हे कोणी सांगत नाही आणि छोट्या विमानाचा जीव ह्यात असतो. दोन हजार फुटांवर हवेचं स्टँडर्ड तापमान ११ डिग्री धरतात. एप्रिलच्या दुपारी इथं ३८ असलं म्हणजे २७ डिग्री जास्त. एका डिग्रीला ढोबळ १२० फूट धर, म्हणजे सव्वातीन हजार फूट वाढले. थोडक्यात विमान उभं उजळाईवाडीला आहे पण त्याच्या इंजिनाला, पंखाला आणि प्रॉपेलरला वाटतंय आपण सव्वापाच हजार फुटांवर, महाबळेश्वरच्याही वर, उभे आहोत. ह्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. ९० हॉर्सपॉवरमधले बरेचसे घोडे तिथंच पळून जातात, धावपट्टी जास्त लागते, वर चढायला आळस. म्हणून जुने लोक पहाटे उडायचे, त्यात रोमँटिक काही नाही. आता धावपट्टी वाढवून १९३० मीटर केलीय, आधी १३७० होती, छोट्या विमानाला तेव्हाही चिक्कार होती, पण धावपट्टी संपल्यावर समोरचं झाड ओलांडायचं असतं तिथं ही आकडेमोड कामाला येते.

पावसाळ्याचं तर वेगळंच. लोकांना वाटतं कार्ब्युरेटरमध्ये बर्फ थंडीतच होतो. अजिबात नाही. पेट्रोलची वाफ होताना आणि हवा आखडत्या नळीतनं जाताना तापमान एकदम पडतं, बाहेर २२-२५ डिग्री आणि दमट हवा, म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट, आणि आत बर्फ धरायला लागतो. इंजिनाचा आरपीएम हळूहळू, चोरासारखा उतरतो. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा सोडायची कळ, ओढलं की आधी अजून घसरतो, खडखडतो, बर्फ वितळून पाणी आत जातं ना, आणि मग सुधारतो. त्या खडखडाटाला घाबरून नवशिके हीट परत बंद करतात, नेमकं तेच करायचं नसतं.

आणि पंखात टाकी असलेल्या विमानाचं झाकणाचं रबर जुनं झालं की पावसाचं पाणी टाकीत उतरतं. रोज सकाळी खालून थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढून बघायचं. एव्हीएशनचं पेट्रोल, १०० एलएल, निळं असतं, पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि मधे रेघ दिसते. पण रेघ दिसली नाही म्हणून खूश व्हायचं नाही, कप अख्खा पाण्यानंच भरलेला असू शकतो, म्हणून कप उजेडात धरून आधी निळा रंग बघायचा आणि मग वास घ्यायचा. दुसरी आपल्याकडची खास बला म्हणजे कुंभारीण माशी. पंखाखाली जी पिटो ट्यूब असते, स्पीड मोजायची बारीक नळी, तिच्यावर टोपी घालायला विसरलं की ही बाई चिखल आणून घर बांधून मोकळी, आणि धावपट्टीवर पळताना स्पीडचा काटा शून्यावर. लाकडी पंखाच्या विमानात ओल, वाळवी, उंदीर, सगळंच बघायला लागतं. म्हणून कोणी मला म्हणालं की जुन्या विमानावर माझं लई प्रेम आहे, तर मी विचारतो की लॉगबुक, म्हणजे त्याच्या देखभालीची नोंदवही, बघितलंस का. नुसता फोटो काढणाऱ्याचं ते प्रेम नव्हे, हौस. हौसेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तिनं विमान हवेत राहत नाही.

डाकोटाबद्दल थोडक्यात, कारण ते छोटं नाही आणि त्याच्यावर लिहिणारे ढिगानं आहेत. डाकोटा म्हणजे डीसी-३, ते पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ ला, लष्करी मॉडेल धरून दहा हजारांवर बनली. आपल्याला दोन गोष्टी माहीत असाव्यात. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास चारीकडनं विमानं मध्यरात्री नागपूरला यायची, पोती बदलायची आणि परत जायची. आणि २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक उतरवले ते डाकोटातनंच, त्याची आठवण म्हणून व्हीपी ९०५ नंबर दिलेलं परशुराम नावाचं डाकोटा २०१८ मध्ये एअर फोर्सला भेट मिळालं, ते उडतं. एअर फोर्सच्या कार्यक्रमात कधी टायगर मॉथ आणि हार्वर्ड पण दिसतात.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नावर. बघायला सगळ्यात जवळ म्हणजे गोव्याचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम, वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर, आंबोलीनं उतरून गेलास तर एका दिवसात होतं. तिथं आधी एअर इंडियात असलेलं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, तीन शेपट्यांचं, सी हॉक, अलीझे, फायरफ्लाय, पाण्यात उतरणारं सीलँड. लांबून फोटो काढून निघू नको, सीलँडच्या खाली वाकून बघ, पोटाची होडी आणि आत ओढता येणारी चाकं. बंगळूरला एचएएलचं हेरिटेज सेंटर आहे, तिथं घाटग्यांची विमानं बघायला मिळतात, त्यासाठी तरी जा.

उडवायला मात्र पुष्पक वगैरे विसर, आज शिकायला मिळतं ते सेस्ना १५२, १७२ असलं, आणि ते काही वाईट नाही, १५२ पण आता जुनंच आहे, बनवायचं बंद होऊन कित्येक वर्षं झाली. त्याच्या डाव्या पंखात स्टॉलची, म्हणजे पंखाची उचल संपत आली हे सांगणारी, शिट्टी असते, वीज नाही काही नाही, हवा ओढली गेली की आतली पत्ती वाजते, बाहेरनं रुमाल लावून तोंडानं ओढून चेक करता येते. ती एकदा वाजवून बघ, तुझा निम्मा प्रश्न तिथंच सुटेल. प्रायव्हेट लायसन्सला कमीत कमी ४० तास लागतात आणि वय १७, कमर्शियलला २०० तास. खर्च भरपूर आहे, उगीच गोड बोलत नाही, आणि त्यात पेट्रोलचा वाटा मोठा, २०२२ पर्यंत तर हे पेट्रोल बाहेरनंच यायचं. पैसे नसतील तर आधी ग्लायडिंगची चौकशी कर, पुण्यात हडपसरला सेंटर आहे, चालू आहे का बघून जा. ग्लायडरच्या काचेवर लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो, तो वाकडा झाला की पाय चुकला, म्हणजे माझ्या गालाचं काम तो धागा करतो. घरी सिम्युलेटर खेळत असशील तर जॉयस्टिकच्या आधी रडर पेडल घे.

फ्लाइंग स्कूल बघायला गेलास की ऑफिसातल्या एसीत बसून ब्रोशर बघू नको, हँगरात जा, इंजिनियरशी बोल, विमानं किती आणि त्यातली आज उडणारी किती ते विचार. आणि कुठंही फी भरायच्या आधी क्लास टू मेडिकल (पायलटची डॉक्टरी तपासणी) करून घे, बरीच पोरं पैसे भरून बसतात आणि मग रंग ओळखायच्या टेस्टला अडकतात. गोव्याला सोमवारी जाऊ नको, म्युझियम बंद असतं.